जंगल न तोडता लाकूड वाढवता येईल का? सातारा-सांगलीचं गणित

फर्निचर, प्लायवूड, वीटभट्ट्या, बांधकामाचे टेकू, चूल. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या सगळ्यासाठी लाकूड लागतं. पण इथलं सर्वांत दाट जंगल तोडीसाठी उपलब्धच नाही. मग लाकूड कुठून येणार?

सह्याद्रीतून का नाही?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे इथे व्यापारी वृक्षतोड होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २००० च्या आदेशाने राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून वाळलेली, पडलेली झाडं नेण्यावरही बंदी आली. इतर वनांत केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेनुसारच तोड करता येते.

सघन व्यवस्थापन म्हणजे काय?

आहे त्याच जमिनीतून जास्त लाकूड मिळवणं. त्याचा मूळ नियम सोपा आहे : वर्षभरात जेवढं लाकूड वाढतं, त्याहून जास्त तोडायचं नाही. म्हणजे मुद्दल राखून व्याज वापरायचं. हे व्याज वाढवण्याचे मार्ग असे :

- निवडक रोपं : सरळ आणि जोमाने वाढणाऱ्या झाडांपासून तयार केलेली.
- विरळणी : साग २ × २ मीटरवर लावला, तर हेक्टरी २,५०० झाडं बसतात. सगळी ठेवली, तर सगळीच बारीक राहतात. काही वर्षांनी कमजोर झाडं काढली, की उरलेल्यांची खोडं भरतात आणि काढलेले वासे विकता येतात.
- छाटणी : बाजूच्या फांद्या वेळेत काढल्या, की लाकडात गाठी कमी राहतात.
- खोडवा : उसासारखंच निलगिरी आणि सुबाभूळ बुंध्यातून पुन्हा फुटतात. नव्याने लागवड न करता पुढचं पीक मिळतं.

हे कुठे करायचं?

मुख्यतः शेतात आणि बांधावर. पण एकच झाड सगळीकडे चालत नाही. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत ५०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे निलगिरीची दाट लागवड आधीच कमी असलेल्या पाण्यावर ताण आणते. शिवाय तिथली माळरानं ‘पडीक’ नाहीत. ती लांडग्यांचं घर आणि मेंढ्यांची कुरणं आहेत. पाटण, शिराळ्यासारख्या जास्त पावसाच्या भागात बांबू चांगला येतो.

कायदा काय सांगतो?

स्वतःच्या बांधावरचा साग, आंबा, फणस किंवा जांभूळ तोडायलाही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगी लागते. निलगिरी आणि सुबाभूळ त्या यादीत नाहीत. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात ‘झाड’ राहिला नाही. त्यामुळे लवकर वाढणारी आणि कमी कागदपत्रांची झाडं शेतकऱ्याला परवडतात. साग मात्र अनेक वर्षं थांबायला लावतो.

मग जंगल वाचेल का?

आपोआप नाही. शेतातलं लाकूड वाढलं, की डोंगरावरचा भार हलका होऊ शकतो. पण लागवडीसाठी जुनी मालकी राई साफ केली, तर लाकूड वाढेल आणि जंगल घटेल. एकाच जातीच्या रांगा पाखरं, वेली आणि झऱ्यांसह उभ्या असलेल्या रानाची जागा घेऊ शकत नाहीत. म्हणून लागवडीआधी पहिला प्रश्न हाच असायला हवा : या जमिनीवर आज काय उभं आहे?