जुनी युरोपीय मोटार आणि घरचा पाना

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या मोटारीची किंमत ऐकून मध्यमवर्गीय माणूस शोरूमच्या काचेपासूनच मागे फिरत असे, तीच मोटार आज जुन्या बाजारात एखाद्या महागड्या मोटारसायकलच्या किमतीत उभी असते. दार लावताना येणारा जड आवाज, महामार्गावरचा ठामपणा आणि चामड्याची आसने यांनी माणूस भुलतो. गाडी एवढी स्वस्त का झाली, हा प्रश्न मात्र व्यवहार झाल्यावर सुचतो. याचे उत्तर बहुधा अधिकृत सर्व्हिस केंद्राच्या बिलात सापडते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या जवळ पोचला की पहिला-दुसरा मालक ती काढून टाकतो. म्हणूनच अशी गाडी परवडते ती ज्याला सुटीच्या दिवशी बाह्या सरसावून बॉनेटखाली हात घालण्याची आवड आहे त्याला. परंतु आवड असूनही प्रत्येक गाडी त्या हाताला दाद देत नाही, आणि चुकीची निवड झाली की ती इमारतीच्या आवारात टायर बसलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे उभी राहते.

आधी गोतावळा पाहावा

प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. ही मोटार मुळात इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई आणि मुंबईच्या टॅक्सींमुळे तिचे भाग गल्लोगल्ली मिळत. मुंबईतील शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. ही गाडी दुरुस्तीला सोपी होती याचे श्रेय तिच्या साध्या रचनेला दिले जाते. ते खरेच आहे, पण अर्धेच. तशाच हजारो गाड्या रस्त्यावर होत्या, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण. घरी दुरुस्ती करू इच्छिणाऱ्याने म्हणून गाडीचे रूप किंवा अश्वशक्ती पाहण्याआधी तिचा गोतावळा पाहावा. हेच इंजिन, हाच गिअरबॉक्स, हेच सस्पेन्शन आणखी कोणत्या गाड्यांत वापरले गेले, आणि त्यांतल्या किती आजही आपल्या भागात फिरत आहेत?

हा गोतावळा शोधण्याची एक सोपी खूण सुट्या भागांवरच छापलेली असते. मर्सिडीजच्या भागावर ‘ए’ अक्षरानंतरचे तीन आकडे सहसा मालिकेचे किंवा इंजिनाचे असतात. १२४ म्हणजे १२४ मालिका. फोक्सवॅगन समूहात ‘१जे’ने सुरू होणारा क्रमांक चौथ्या पिढीच्या गोल्फसाठी प्रथम तयार झालेल्या भागाचा, तर ‘१यू’ने सुरू होणारा पहिल्या ऑक्टाव्हियाचा. ऑक्टाव्हियाच्या एखाद्या भागावर ‘१जे’ दिसले, तर तो समूहाच्या इतर गाड्यांतही असण्याची शक्यता मोठी आणि बाजारात तो मिळणे सोपे. ‘१यू’ म्हटले की शोध अरुंद होतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ला-कालिना भागातील सीएसटी रोडवर गाडीचे नाव सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगितल्यास दुकानदारही नीट बोलू लागतो. शिवाय बॉश, मान, लेमफोर्डर, साक्स यांसारखे उत्पादक मोटारकंपन्यांना भाग पुरवतात आणि बहुतेक तेच भाग स्वतःच्या खोक्यातही विकतात. मोटारकंपनीचे चिन्ह नसलेले हे खोके पुष्कळ स्वस्त पडते. नकली मालही याच खोक्यांतून येतो, म्हणून दुकान पारखून घ्यावे लागते.

महाराष्ट्रात जुळलेल्या तीन गाड्या

महाराष्ट्रातच तयार झालेल्या किंवा जुळवल्या गेलेल्या तीन युरोपीय गाड्यांची तुलना केली की हा मुद्दा स्पष्ट होतो.

पहिली ऑक्टाव्हिया, म्हणजे औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे २००१ पासून जुळवली गेलेली आणि २०१० पर्यंत विकली गेलेली. २०१३ नंतर याच नावाने आलेली गाडी सर्वस्वी वेगळी. मधली दुसरी पिढी भारतात लॉरा नावाने विकली गेली. नाव पाहून फसू नये. पहिल्या ऑक्टाव्हियाचे १.९ लिटरचे टीडीआय डिझेल इंजिन ही तिची मोठी जमेची बाजू. त्यात रोटरी पंप आहे, कॉमन रेल नाही. इंधन स्वच्छ आणि ऑइल वेळेवर मिळाले तर ते दीर्घकाळ चालते. तिच्या दुखण्यांची यादी जगभर पाठ झालेली आहे: हवा मोजणारा सेन्सर बिघडून ताकद कमी होणे, ईजीआर आणि इनटेकमध्ये काजळी साचणे, कूलंटच्या प्लॅस्टिकच्या जोडांना तडे जाणे, काचा वर-खाली करणारी यंत्रणा मोडणे, दाराच्या कुलपातील सूक्ष्म स्विच निकामी होणे. यांपैकी बहुतेक कामे घरी होण्यासारखी आहेत. एक अपवाद गंभीर आहे. टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनचा निकाल लागतो. बेल्ट बदलताना कॅमशाफ्ट व पंप जागेवर पक्के धरणारी खास हत्यारे लागतात. ‘खूण करून बसवू’ हा मार्ग या इंजिनात चालत नाही. आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदलावा, कारण त्यासाठी पुन्हा तेवढेच उघडावे लागते.

दुसरी मर्सिडीजची १२४ मालिका. युरोपात १९८४ मध्ये आलेली ही गाडी भारतात १९९५ पासून टेल्कोच्या भागीदारीत पुणे परिसरात जुळवली गेली. काम करणाऱ्याच्या दृष्टीने तिची रचना सुखद आहे. इंजिन उभे बसवलेले, मागच्या चाकांना गती, बॉनेट जवळजवळ सरळ उभे राहते आणि दोन्ही बाजूंनी हात जातो. टायमिंगला बेल्ट नसून चेन आहे. तरीही नवशिक्याने या गाडीपासून थोडे दूर राहिलेले बरे. त्या काळात या कंपनीच्या इंजिनांवरील वायरिंगला वापरलेले आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, आणि मग गाडी कधी अडखळते, कधी सुरूच होत नाही. मिस्त्री एकामागून एक सेन्सर बदलत राहतो, दोष मात्र वायरीत असतो. इंजिनजवळची एखादी वायर हलकेच वाकवून पाहावी. आवरणाचे तुकडे पडले तर संपूर्ण हार्नेसचा खर्च धरावा. शिवाय ही गाडी भारतात थोडीच वर्षे विकली गेली, त्यामुळे तिचा गोतावळा परदेशात. भाग मिळतात, पण मागवून घ्यावे लागतात आणि वाट पाहण्याची तयारी लागते.

तिसरी निवड दिसायला सर्वांत साधी आणि व्यवहारात सर्वांत शहाणपणाची: १.३ लिटर मल्टीजेट डिझेल इंजिनाची फियाट. रांजणगावच्या पुंटो आणि लिनिया भारतात २००९ मध्ये आल्या. त्याआधी पॅलियो स्टाइलमध्येही हे इंजिन आले होते. हेच इंजिन मारुती स्विफ्ट आणि डिझायरमध्ये आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये वापरले गेले. त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत ते उगाच नव्हे. तालुक्याच्या गावातही त्याचा फिल्टर, वॉटर पंप किंवा इंजेक्टर दुरुस्त करणारा सापडतो. चेन असल्यामुळे बेल्टची धास्ती नाही. मात्र सुमारे तीन लिटर एवढेच ऑइल असल्याने ते बदलण्यात हयगय झालेल्या इंजिनाची चेन सैल पडते. थंड इंजिन सुरू करताच चेनचा खडखडाट ऐकू आला तर तेथूनच परत फिरावे. इंजिनाची सोय मात्र संपूर्ण गाडीची नव्हे. भारतातील फियाटची विक्री २०१८-१९ च्या सुमारास थांबली. हेडलाइट, दाराचे पत्रे, आतील स्विच यांसाठी भंगारबाजाराचाच आधार. म्हणून पुंटो घेताना इंजिनाआधी बंपर, दिवे आणि आरसे शाबूत आहेत का ते पाहावे. हा क्रम विचित्र वाटला तरी योग्य आहे.

पाहणीचा उलटा क्रम

बहुतेक खरेदीदार इंजिनाचा आवाज ऐकतो आणि चक्कर मारतो. घरी दुरुस्ती करणाऱ्याने पत्र्यापासून सुरुवात करावी, कारण इंजिन बदलता येते, सडलेला सांगाडा अंगणात नीट होत नाही. कोकणपट्टीत आणि मुंबईत वापरलेल्या गाडीखाली टॉर्च घेऊन शिरलेच पाहिजे. १२४ मालिकेत जॅक लावण्याच्या जागांवरील प्लॅस्टिकची झाकणे काढून आत पाहावे. गंज तेथेच लपतो. गाडी कधी पुराच्या पाण्यात बुडाली होती का, हाही प्रश्न महत्त्वाचा. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईतील असंख्य गाड्या बुडाल्या आणि नंतरच्या पावसाळ्यांनीही ती परंपरा सोडलेली नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. गुंडाळीतल्या पट्ट्यावर मातीची रेघ असेल किंवा गालिच्याखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर असेल, तर पुढे बोलणे खुंटवावे.

त्यानंतर वीज. प्रत्येक काच, प्रत्येक कुलूप, वातानुकूलनाचा प्रत्येक वेग चालवून पाहावा. ऑक्टाव्हिया आणि पुंटोमध्ये डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा निदान-जोड असतो. स्वस्त ब्ल्यूटूथ यंत्र इंजिनाचे सर्वसाधारण कोड वाचते, पण एबीएस, एअरबॅग वगैरेंसाठी त्या त्या समूहाची स्वतंत्र प्रणाली लागते. आदल्या दिवशीच कोड पुसून गाडी दाखवण्याची युक्ती जुनी आहे, म्हणून चक्कर मारून आल्यावर कोड पुन्हा वाचावेत. इंजिन सर्वांत शेवटी पाहावे, आणि ते थंड असतानाच. विक्रेत्याने गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या सकाळी पुन्हा जावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस, कूलंटमध्ये तेलाचा तवंग, सुरू होताना निळा धूर ही लक्षणे परिचित आहेतच.

पेट्रोल गाडी घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासावी. २०२५ पासून देशभरातील पंपांवर प्रामुख्याने वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर त्याला अनुरूप भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ नंतरच्या. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीतील इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांना ते मानवेलच असे नाही. नळी फुगलेली, चिकट किंवा भेगाळलेली दिसली तर गाडी चालवत घरी आणण्याच्या फंदात पडू नये.

हात कोठे थांबवावा

युरोपीय गाडीला षट्कोनी पान्यांचा नेहमीचा संच पुरत नाही. टॉर्क्स, ॲलन आणि फोक्सवॅगन समूहात बारा दातांचे बिट लागतात. चुकीचा बिट घातल्यास बोल्टचे तोंड खराब होते आणि अर्ध्या तासाचे काम आठवडा खाते. टॉर्क मोजणारा पाना उधारीवर चालत नाही, तो घ्यावाच. मात्र सर्वांत आवश्यक वस्तू म्हणजे गाडीखाली लावायच्या मजबूत घोड्यांची जोडी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. सपाट सिमेंटची जागा नसेल तर खालून करायची कामे गॅरेजवर सोपवावीत.

काही कामे अनुभवी माणसानेही टाळावीत. मल्टीजेटच्या इंधननळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. चालू इंजिनावर त्या सैल केल्यास उडणारे डिझेल त्वचा भेदून आत जाते. १२४ मालिकेच्या पुढच्या स्प्रिंगला दाबून धरण्यासाठी वेगळे हत्यार लागते, बाजारातील साध्या आकड्यांवर भरवसा ठेवणे जिवावर बेतू शकते. एअरबॅगच्या वायरींना हात लावू नये. ब्रेकचे पॅड घरी बदलता येतात, पण मागच्या चाकांना डिस्क असून हँडब्रेक त्याच कॅलिपरवर चालत असेल, तर पिस्टन नुसता ढकलून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. जोर लावला की कॅलिपर गेला.

कागदपत्रांचा खर्चही दुरुस्तीच्या खात्यातच धरावा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण आणि राज्यात पर्यावरण कर. केंद्राने नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपयांवर नेले. दिल्लीत दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या चकचकीत डिझेल गाड्या ना-हरकत दाखल्यासह इकडे स्वस्तात येऊ लागल्या. त्यांच्या किमतीत येथील रस्ता कर आणि पुनर्नोंदणी मिळवून मगच तुलना करावी. चेसिस क्रमांक आरसी पुस्तकाशी स्वतः डोळ्यांनी ताडून पाहावा. खोडलेला, गंजलेला किंवा वेल्डिंगखाली अर्धवट झाकलेला क्रमांक असलेली गाडी आरटीओच्या तपासणीत अडकते, आणि तोवर विक्रेत्याचा फोन बंद झालेला असतो.