घरगुती ध्वनिपुनरुत्पादन : विकास व समस्या

घरगुती ध्वनिपुनरुत्पादन : ध्वनिमुद्रिका, फीत इ. माध्यमांवर नोंदलेला ध्वनी मूळ ध्वनीशी शक्य तितके साम्य राखून घरातील श्रोत्यास ऐकविण्याची क्रिया. यासाठी लागणाऱ्या संचात नोंद वाचणारे साधन, विवर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर व ध्वनिक्षेपक म्हणजे लाउडस्पीकर हे तीन प्रमुख भाग असतात. आवाज मोठा असावा आणि तो शुद्ध असावा, अशा दोन अपेक्षा या संचाकडून केल्या जातात. सामान्यतः त्या एकरूप मानल्या जात असल्या, तरी तांत्रिक दृष्ट्या त्या भिन्न असून पुष्कळदा परस्परविरोधी ठरल्या आहेत. त्यांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतूनच या तंत्राचा विकास झाला.

यांत्रिक काळ : टॉमस आल्वा एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला, तर एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनचे एकस्व मिळविले. या यंत्रांत ध्वनीच्या विवर्धनाची सोय नव्हती. गायकाच्या आवाजातील ऊर्जेनेच खाच कोरली जाई आणि सुई, पटल व कर्णा यांच्या साहाय्याने तीतून पुन्हा ध्वनी निर्माण केला जाई. आवाज वाढविण्यासाठी जाड सुई वा मोठा कर्णा वापरणे एवढेच उपाय उपलब्ध होते. मानवी कानास सु. २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. या पद्धतीत मात्र सु. २०० ते २,००० हर्ट्‌झ एवढाच पट्टा समाधानकारकपणे नोंदला जाई. फ्रेड गाइसबर्ग यांनी १९०२ मध्ये कलकत्ता येथे गौहरजान यांचे गायन मुद्रित केले, ते याच पद्धतीने. कलावंतास कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून जोरकसपणे गावे लागे आणि तंबोऱ्याच्या जवारीतून उमटणारे सूक्ष्म उच्च स्वर तबकडीवर जवळजवळ उतरतच नसत.

विद्युत् विवर्धन : ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये शोधलेल्या ऑडिऑन या इलेक्ट्रॉन नलिकेमुळे क्षीण विद्युत् संकेत वाढविणे पुढे शक्य झाले. १९२५ मध्ये विद्युत् पद्धतीने मुद्रित केलेल्या तबकड्या बाजारात आल्या. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी त्याच वर्षी चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले. आजचे बहुसंख्य ध्वनिक्षेपक त्याच तत्त्वावर चालतात. आवाज मोठा होण्याची अडचण अशा रीतीने दूर झाली. तथापि विवर्धक मूळ संकेताबरोबर स्वतःची विकृतीही त्यात मिसळू लागला. नलिकेवरील भार वाढला की तिचे प्रदान आदानाच्या प्रमाणात राहत नाही व मुळात नसलेले स्वर निर्माण होतात.

यावरील उपाय दूरध्वनीच्या क्षेत्रातून आला. बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये ऋण प्रतिसंभरणाची कल्पना सुचली. तीत प्रदानाचा अल्प अंश उलट दिशेने आदानात मिसळला जातो. त्यामुळे विवर्धकाने निर्माण केलेली विकृती बऱ्याच अंशी कमी होते. मात्र त्याबरोबर विवर्धनही घटते. शुद्धतेसाठी मोठेपणाचा त्याग करावा, असे या युक्तीचे सार आहे. या तत्त्वावर डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेला १५ वॉटचा विवर्धक घरगुती संचांसाठी आदर्श मानला गेला. त्याची विकृती ०·१ टक्क्याहून कमी होती.

ध्वनिक्षेपकाच्या बाबतीतही असेच घडले. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये हवाबंद पेटीचा लहान ध्वनिक्षेपक तयार केला. त्यातून खर्ज स्वर शुद्ध येत. परंतु त्याची कार्यक्षमता कमी असल्याने अधिक शक्तीचा विवर्धक आवश्यक झाला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने आणलेल्या दीर्घवादन तबकडीमुळे पृष्ठभागाची खरखर कमी झाली व एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. सु. तीन मिनिटांत रागविस्तार आटोपण्याची सक्ती त्यामुळे संपली. अली अकबर खाँ यांची दीर्घवादन तबकडी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये कल्पिलेली स्टीरिओ पद्धती १९५८ च्या सुमारास तबकड्यांद्वारे घरोघरी पोहोचली.

श्रवण व शक्ती : हार्वी फ्लेचर व डब्ल्यू. ए. मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, ध्वनी क्षीण असताना कानास खर्ज स्वर कमी जाणवतात. त्यामुळे तेच संगीत थोडे मोठ्याने लावले की अधिक भरदार वाटते आणि मोठा आवाज हाच चांगला आवाज, असा भ्रम होतो. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट मोठा भासण्यास सु. १० डेसिबेल, म्हणजे दसपट शक्ती लागते. विवर्धकाकडून त्याच्या मर्यादेपलीकडे शक्तीची अपेक्षा केल्यास तरंगांचे माथे छाटले जातात. परिणामी आवाज कर्कश होतो व उच्च स्वरांचा नाजूक ध्वनिक्षेपक जळू शकतो. म्हणून अल्पशक्तीचा विवर्धक कमाल मर्यादेवर चालविण्यापेक्षा मोठ्या शक्तीचा विवर्धक संयमाने वापरणे अधिक सुरक्षित ठरते.

अंकीय काळ : १९८२ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने क्षीणतम व मोठ्यातम ध्वनींमधील सु. ९६ डेसिबेल अंतर नोंदविण्याची क्षमता दिली. खरखर व सुईमुळे होणारी झीज नाहीशी झाली. तरीही १९९० नंतर अनेक निर्मात्यांनी आपली ध्वनिमुद्रिका इतरांपेक्षा मोठी वाटावी म्हणून क्षीण भाग उचलून व माथे दाबून हे अंतर स्वतःच आकुंचित केले. जी विकृती पूर्वी यंत्राच्या दौर्बल्यामुळे येई, ती आता हेतुपुरस्सर मुद्रणातच मिसळली गेली आणि श्रोत्याच्या संचाला ती काढून टाकणे अशक्य झाले. यूरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये कार्यक्रमांची सरासरी श्रवणपातळी समान राखण्याची शिफारस केली. अनेक संगीतसेवाही तसेच करतात. अशा व्यवस्थेत दाबून मोठ्या केलेल्या मुद्रणाला कोणताही लाभ उरत नाही. आवाज किती मोठा असावा हे श्रोत्याने ठरवावे आणि तो शुद्ध राखण्याची जबाबदारी मुद्रणकाराने व यंत्राने घ्यावी, ही विभागणी त्यामुळे पुन्हा शक्य झाली आहे.