सुप्याचे रोखे आणि आजचा अंगठा

कर्जरोख्याच्या तळाशीं निरक्षर कुळानें नांगराची निशाणी करावी, ही महाराष्ट्रांतील जुनी रीत. पुढें नांगराची जागा डाव्या अंगठ्यानें घेतली. निशाणी कुळाची, पण कागद सावकाराच्या पेटींत; आणि त्यांत काय लिहिलें आहे, हें कुळास वाचतां येत नसे. स्वतःविषयींच्या माहितीवर आपली सत्ता किती, हा प्रश्न आज नवा म्हणून मांडला जातो. परंतु त्याचें मूळ या पेटींत आहे.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला व पुणें आणि नगर या जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख कागदांवर होता. रोखे व हुकूमनामे मागून घ्यावे आणि जाळावे; ते निमूटपणें मिळाले, तर बहुधा पुढें कांहीं घडत नसे. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें आणि १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. कुळ साक्षर होईपर्यंत हा कायदा थांबला नाहीं, हें त्याचें वैशिष्ट्य. रोखा ग्रामनिबंधकासमोर व्हावा, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, हिशेबाचा उतारा मागतां यावा, असें त्यानें ठरविलें. एकतर्फी कागदास त्यानें साक्षीदार जोडला.

२९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं 'आधार'चा आरंभ झाला आणि अंगठा पुनः मोलास चढला. मात्र आतां तो केवळ निरक्षराचा राहिला नाहीं. सावनेरचा संत्रे-बागाईतदार असो कीं नागपुरचा वकील, मोबाइलवरील लांबलचक मजकूर न वाचतां 'मान्य' या शब्दावर दोघेहि सारखेंच बोट ठेवितात. आपलें ठिकाण, खरेदी, आवडनिवड यांचीं टिपणें जमवून जाहिरातदारांस गिऱ्हाईक गांठून देणें, हा मोठा व्यापार आहे. फुकट भासणाऱ्या कित्येक सोयींची किंमत अशी वसूल होते.

खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यानें मालकी दिली नाहीं; परंतु संमतीची सूचना मराठींत वाचण्याची सोय, तसेंच माहिती दुरुस्त करविण्याचा व पुसविण्याचा हक्क दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा, असें त्यांत ठरलें.

सुप्याचा उपाय आतां उपयोगाचा नाहीं. रोखा बहुधा एकच असे, म्हणून तो जाळतां आला. आजच्या टिपणाच्या नकला किती व कोठें, हें सांगणें कठीण. यासाठीं सावनेरसारख्या तालुक्याच्या गांवीं प्रौढांस मोबाइल शिकवितांना तीन प्रश्न आधीं शिकवावे: ही माहिती कशासाठीं हवी? ती कोणापाशीं राहील? पुसावयाची झाल्यास सांगावें कोणास? आधारमधील ठशांस कुलूप लावण्याची सोय आहे, तीहि प्रत्यक्ष करून दाखवावी. अक्षरओळख झाली कीं माणूस अंगठ्यांतून सुटला, ही आपली जुनी समजूत अपुरी ठरली आहे. वाचतां येणाऱ्यास संमतीपूर्वीं वाचण्याची संवय लावणें, हें प्रौढशिक्षणाचें काम अद्याप शिल्लक आहे.