मातीच्या कबुतराची बंदूक

क्ले पिजनच्या खेळासाठी बंदूक घ्यायला गेलं की समोर येणाऱ्या बंदुका जवळजवळ सगळ्या एकाच घाटाच्या असतात. दोन नळ्या एकावर एक, वर बारीक खांबांवर तोललेली पोकळ पट्टी, दोन बारांना मिळून एकच चाप, अक्रोडाचा दस्ता आणि मधोमध मोडून उघडणारी बिजागरी. कोकणात शेतराखणीच्या परवान्यावर काही घरांत अजून दिसणारी दुनळी बाराबोर याहून वेगळी. तिच्या नळ्या शेजारी शेजारी असतात, चाप दोन असतात. तिच्याही मागची ठासणीची बंदूक तर बिजागरीवाचूनच चालायची. तिन्ही छर्ऱ्याच्याच बंदुका, पण खेळाची बंदूक या दोघींच्या पोटची नाही, असं मला ठामपणे वाटतं. शिकारीने तिला जन्म दिला खरा, पण तिला वाढवलं ते लक्ष्याने. आधी जिवंत कबुतर, मग काचेचा गोळा, मग मातीची थाळी. लक्ष्य बदलत गेलं तसा बंदुकीचा एकेक अवयव बदलत गेला. कोणता अवयव कशासाठी आला हे ठाऊक असलेला माणूस बंदूक निवडताना सहसा फसत नाही आणि ती सांभाळताना चुकीच्या जागी तेल ओतत नाही.

चकमकीच्या बंदुकीने उडतं पाखरू टिपणं फार कठीण होतं. चाप ओढला की आधी बाहेरची रंजक पेटायची, मग तिचा जाळ कानातून आत जाऊन नळीतली दारू पेटायची. तेवढ्या वेळात पाखरू सावध व्हायचं. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळच्या बेलहेल्वी गावचा धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याला पाखरं मारायचा नाद होता आणि रंजकीचा भडका त्यांना इशारा देतो हे त्याला सलत होतं. ठोका बसताच पेटणाऱ्या रसायनाने बार उडवण्याची युक्ती त्याने काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्याच्या एक वर्ष आधी लंडनच्या जोसेफ मँटनने दोन नळ्यांच्या मधोमध उंच पट्टी बसवण्याचं पेटंट घेतलं होतं. ती पट्टी नजरेला वाट दाखवते आणि बार किंचित वर नेते. आज नळीवर दिसणाऱ्या पट्टीचं मूळ तिथे आहे.

पण रानात पाखरू कुठून उठेल याचा नेम नसतो. खेळ म्हणायचा तर ते ठरल्या जागेवरून उठलं पाहिजे. लंडनच्या पश्चिमेला ईलिंगमध्ये ‘ओल्ड हॅट’ नावाच्या पबांच्या आवारात हा खेळ जमू लागला. कबुतर जुन्या टोपीखाली झाकून ठेवायचं, दोरी ओढली की टोपी उलटायची आणि पाखरू उडायचं. पुढे टोपीच्या जागी पेटी आली आणि पबांच्या जागी श्रीमंतांचे क्लब आले. १८६९ मध्ये स्थापन झालेला लंडनचा हर्लिंगहॅम क्लब मुळात याच खेळासाठी होता. त्याच्या बोधचिन्हात आजही कबुतर आहे, मात्र तिथली कबुतरबाजी १९०५ मध्ये बंद झाली.

या क्लबांतला एक नियम बंदुकीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा होता. पाखरू कुंपणाच्या आत पडलं तरच मोजायचं. जखमी होऊन बाहेर पडलं तर गुण गेला. त्यामुळे नुसता छर्रा लागून भागत नव्हतं, दूरवरही दाट मारा लागत होता. शिवाय पेटीतून सुटलेलं कबुतर बहुतेक वेळा वर चढतं, म्हणून बंदूक रोखल्या जागेच्या थोडी वर मारणारी हवी. मग दस्ता उंचावला, पट्टी सपाट झाली, बंदूक जड झाली. रानात दिवसभर खांद्यावर वागवायची बंदूक हलकी लागते. इथे मात्र फक्त काही क्षण उचलायची होती आणि जड बंदूक कमी धक्का देते. आजची ट्रॅपची, म्हणजे दूर जाणाऱ्या थाळीच्या खेळाची, बंदूक पाहिली की हे सगळे गुण जसेच्या तसे तिच्यात दिसतात.

दाट माऱ्याचा प्रश्न चोकने सोडवला. नळीचं तोंड जेमतेम एक मिलिमीटरने आवळायचं, एवढीच ती करामत. न्यूकॅसलच्या विल्यम पेपने १८६६ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरने १८७४ च्या सुमारास ती भरवशाची केली. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळ काढलं तर सरळ नळीचे सुमारे ४० टक्के छर्रे त्यात पडतात आणि पूर्ण आवळलेल्या नळीचे सुमारे ७०. त्याआधीच बिजागरीही आली होती. पॅरिसच्या काझिमिर लफोशेने १८३० च्या दशकात नळी मोडून मागून काडतूस भरण्याची बंदूक केली आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती पाहून इंग्रज कारागीर कामाला लागले. गज, ठासणी आणि दारूची पिशवी हळूहळू अडगळीत गेली.

अमेरिकेत या खेळाला वेगळं वळण लागलं. जिवंत पाखरांऐवजी काचेचे पोकळ गोळे उडवायची पद्धत तिथे रुजली. गुळगुळीत काचेवरून छर्रे घसरतात, म्हणून नामांकित नेमबाज ॲडम बोगार्डसने १८७७ मध्ये खडबडीत पृष्ठभागाचा गोळा आणला. काही गोळ्यांत पिसं भरलेली असत, म्हणजे फुटल्यावर पाखरू पडल्याचा भास व्हावा. बफेलो बिलच्या खेळांत नेमबाज ॲनी ओकली असेच गोळे फोडायची. पण गोळा वर जाऊन खाली येतो, पाखरासारखा लांब सरळ जात नाही. आणि शेतभर काचा पसरतात ते निराळंच.

१८८० मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीची चपटी थाळी आणि ती फेकणारं यंत्र यांचं पेटंट घेतलं. गरगरत सुटलेली थाळी हवेवर तोल सांभाळते, दूरवर सपाट जाते आणि मग बसल्यासारखी खाली येते. अडचण एकच होती. माती इतकी कडक भाजलेली असायची की छर्रे लागून ती वाजायची पण फुटायची नाही. पुढे चुनखडीची पूड आणि डांबर यांच्या मिश्रणाची ठिसूळ थाळी आली आणि खेळ स्थिर झाला. आज ‘क्ले’ म्हणतात त्यात माती नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या थाळीचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारे १०५ ग्रॅम असतं.

सिनसिनाटीचा आणखी एक संबंध मला विसरता येत नाही. अमेरिकेतल्या स्पर्धांसाठी रानातून जाळ्यांनी पकडून आणलेली पॅसेंजर पिजन ही कबुतरं हजारोंनी वापरली जात. कधीकाळी आकाश झाकणारे थवे असलेली ही जात संपली ती मुख्यतः बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीने आणि जंगलतोडीने, पण खेळानेही आपला वाटा उचलला. या जातीची शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्याच प्राणिसंग्रहालयात मेली. ज्या शहरात मातीचं कबुतर जन्मलं तिथेच खऱ्या कबुतराचा एक वंश संपला. त्या पाखरांना वाचवायला थाळी उशिरा आली. तरीही तिच्यामुळे हा खेळ रक्ताशिवाय जगू शकला, ही गोष्ट मी तिच्या बाजूने फार मोठी मानतो. थाळी आल्यावरही १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांची स्पर्धा झाली आणि बेल्जियमचा लेओन द लुंडेन २१ पाखरं मारून जिंकला. ब्रिटनने १९२१ मध्ये कायद्याने पिंजऱ्यातून सोडलेल्या पाखरांवर बार टाकणं बंद केलं.

थाळीने बंदुकीपुढे नवा प्रश्न टाकला. यंत्र थकत नाही, एकामागून एक शेकडो थाळ्या येतात आणि ट्रॅपमध्ये पहिला बार चुकला तर लगेच दुसरा टाकता येतो. शेजारी शेजारी नळ्या असल्या की प्रत्येक बार बंदुकीला थोडा बाजूला ढकलतो आणि रुंद नळ्या समोरचं बरंच दृश्य झाकतात. एकावर एक नळ्या ठेवल्या तर नजरेला एकच अरुंद रेघ मिळते. खालची नळी आधी उडवली की धक्का सरळ खांद्यात येतो, तोंड फार उसळत नाही आणि दुसरा बार लवकर टाकता येतो.

लंडनच्या बॉस कंपनीत जॉन रॉबर्टसनने १९०९ मध्ये अशी बंदूक फार देखणी करून दाखवली. नळ्यांना धरणारे खुंट त्याने तळाशी न ठेवता दोन बाजूंना नेले, त्यामुळे बंदुकीची उंची कमी झाली. पण ती हाताने घडवलेली, मूठभर लोकांना परवडणारी. सामान्य नेमबाजाच्या हातात ती दिली जॉन मोझेस ब्राउनिंगने. बेल्जियमच्या लिएज शहराजवळ एफएन कंपनीच्या कारखान्यात या बंदुकीवर काम चालू असतानाच २६ नोव्हेंबर १९२६ रोजी त्याचं हृदय थांबलं. मुलगा व्हॅल याने काम पुरं केलं, १९३१ मध्ये ‘सुपरपोज्ड’ बाजारात आली आणि दोन चापांच्या जागी विश्वासार्ह एकच चापही पुढे व्हॅलनेच आणला. तिची बिजागरी म्हणजे तळाशी आडवी जाणारी एक जाड दांडी. त्यामुळे बंदूक उंच दिसते, पण मजबुतीत तिला तोड नाही.

तिथून घराणी फुटली. अमेरिकेतल्या रेमिंग्टन ३२ या १९३२ च्या बंदुकीचा घाट जर्मनीच्या क्रीगहॉफने उचलला आणि त्यातून आजची के-८० आली. इटलीत ब्रेशाजवळ बेरेट्टाचं घराणं आहे. १५२६ मध्ये व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ नळ्या पुरवल्याची त्यांची नोंद सापडते. त्याच परिसरात डॅनिएले पेराझीने १९५७ मध्ये कारखाना काढला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये एनिओ मॅटारेल्लीने पेराझीच्या बंदुकीने ट्रॅपचं सुवर्ण मिळवलं आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या सुमारास पेराझीची एमएक्स-८ आली. तिचा चापाचा सगळा संच हाताने बाहेर काढता येतो. स्पर्धेत स्प्रिंग तुटली तर दुसरा संच बसवून माणूस पुन्हा रांगेत उभा राहतो.

आपल्याकडे हा वारसा संस्थानिकांच्या शिकारखान्यातून आला. बिकानेरचे महाराजा करणी सिंह पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपचं रौप्य मिळवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं दार लागत गेलं आणि छर्ऱ्याच्या बंदुकीला मान मिळवण्यासाठी थाळीचं मैदान उरलं. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन सिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचं रौप्य आणलं.

ही वंशावळ डोळ्यांपुढे असली की निवड सोपी होते. ट्रॅपची थाळी दूर जाते आणि वर चढते, म्हणून उंच दस्ता, ३० ते ३२ इंची नळ्या, घट्ट चोक आणि साडेतीन ते चार किलोंच्या आसपास वजन. स्कीटची थाळी जवळून आडवी जाते, तिथे छर्रे पसरले पाहिजेत, म्हणून उघडा चोक. दोन्ही खेळायचे असतील तर चोक बदलता येणारी बंदूक घ्यावी. पण या सगळ्याच्या आधी माप. रायफलला मागेही माशी असते, शॉटगनला फक्त पुढे. मागची माशी म्हणजे नेमबाजाचा डोळा, आणि तो कुठे येतो हे दस्ता ठरवतो. दस्त्याची लांबी, गाल टेकतो तिथली उंची आणि बाजूचा किंचित वाक, यांत दोन-तीन मिलिमीटर चुकले तरी थाळी शाबूत राहते. गाल टेकायची पट्टी वर-खाली होणारा दस्ता म्हणूनच नवशिक्याला मी आग्रहाने सुचवतो. डोळे मिटून बंदूक उचलायची, गाल टेकायचा, डोळे उघडायचे, आणि पट्टीच्या सरळ रेषेत माशी दिसते का ते पाहायचं. मग पांढऱ्या रंगवलेल्या पत्र्यावर दहा-बारा बार टाकायचे. डागांचा मध्य कुठे पडतो हे पत्रा सांगतो, विक्रेता नाही. किंमत आणि कोरीवकाम यांचा थाळी फुटण्याशी संबंध नाही. साधी बंदूक मापात बसवून उरलेले पैसे काडतुसांवर खर्च करणारा माणूस लवकर पुढे जातो.

सांभाळण्याचंही तसंच. काळ्या दारूची राख हवेतली ओल धरते, म्हणून ठासणीची बंदूक कढत पाण्याने धुवावी लागे. बिनधुराची दारू आली तरी काडतुसाच्या टोपीतल्या क्लोरेटमुळे नळीत मीठ साचायचं आणि रात्रीत गंज चढायचा. आजोबांच्या पिढीतले लोक बार झाल्या दिवशीच नळी पुसायचे ते याचमुळे. १९२० च्या दशकात न गंजवणाऱ्या टोप्या आल्या, पुढे नळ्यांना आतून क्रोम चढला, १९६० च्या दशकात छर्रे प्लास्टिकच्या वाटीत बसले. नळीच्या पोटातली काळजी कमी झाली. आता तिथे प्लास्टिकची पापुद्र्यासारखी साय धरते. ती ब्राँझच्या ब्रशने आणि द्रावकाने निघते. चोक बदलते असतील तर प्रत्येक वेळी काढून आटे पुसावेत, नाहीतर ते एके दिवशी जागेवरच जाम होतात.

खरी झीज बिजागरीत असते. वर्षभरात हजारो वेळा उघडमीट होते आणि जुन्या ग्रीसमध्ये अडकलेली धूळ लोखंड खात राहते. राजस्थान-दिल्लीकडच्या मैदानांवर ही धूळ फार. जुनं ग्रीस पूर्ण पुसून, मगच खुंटांवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी सांध्यावर नव्याचा पातळ हात द्यावा. वरून नुसतं भरत गेलं तर आपणच खरकागद चालवतो. मुंबई-कोकणाच्या पावसात बंदूक चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, चामडं ओल सोडत नाही. घरी आल्यावर हाताच्या घामाचे ठसे पुसायचे, नळीला तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. जास्त तेल ओतून बंदूक उभी ठेवली तर ते झिरपत दस्त्याच्या मुळाशी जातं आणि लाकूड मऊ पडून चिरतं. तोंड खाली करून ठेवल्यास हे टळतं.

जुनी बंदूक घेताना पुढचं लाकूड काढून दस्त्याला धरून हलवून पाहावं. नळ्या खुळखुळल्या तर बिजागरी झिजली आहे, पण म्हणून लगेच पाठ फिरवायचं कारण नाही. ब्राउनिंगच्या घाटात आडवी दांडी बदलता येते, बेरेट्टाच्या घाटात बाजूचे छोटे खुंट काढून किंचित जाड खुंट बसवता येतात, आणि जाणकार कारागिराने हे काम केलं की नळ्या पुन्हा घट्ट बसतात.