तळटीप : एका-अल्युमिनियम

मूळ मजकुरातील 'एका-अल्युमिनियम' या नावातला 'एका' म्हणजे आपला, संस्कृतातला 'एक'. आवर्तसारणीत अल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घराला मेंडेलीव्हने हे नाव दिले आणि 1871 मध्ये तिथल्या न सापडलेल्या धातूची घनता सुमारे 5.9 असेल, असे लिहून ठेवले.

1875 मध्ये फ्रान्सच्या लकोक द ब्वाबोद्रानला गॅलियम सापडले, पण घनता भरली 4.7. नमुना अशुद्ध असावा, असे मेंडेलीव्हने कळवले. पुन्हा शुद्ध करून मोजल्यावर उत्तर आले 5.9! धातू डोळ्यांनी न पाहता केलेले हे निदान आजही थक्क करते.

इलेक्ट्रॉनचा शोध तेव्हा लागायचा होता. आज कारण माहीत आहे: अल्युमिनियमची मांडणी 2, 8, 3, गॅलियमची 2, 8, 18, 3. शेवटचे तीन सारखेच, म्हणून गुणही जुळतात.

गणात खाली उतरताना अणू मोठा होतो, हा नियम मात्र इथे अडखळतो. अठरांच्या कवचातले दहा डी-इलेक्ट्रॉन केंद्राची ओढ नीट अडवत नाहीत. त्यामुळे एक कवच वाढूनही गॅलियमचा अणू जवळपास अल्युमिनियमएवढाच राहतो. हा धातू 29.8 अंश सेल्सिअसला वितळतो. तळहातावर ठेवलेला खडा हळूहळू चकाकता थेंब होतो.