मिलर, वेब

मिलर, वेब : (१० फेब्रुवारी १८९१ – ७ मे १९४०). अमेरिकन पत्रकार, युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा परराष्ट्र वार्ताहर व धारासना येथील मिठाच्या सत्याग्रहाचा (२१ मे १९३०) प्रत्यक्षदर्शी वृत्तांतकार. सविनय कायदेभंगाच्या चळवळीला जागतिक लोकमतापुढे नेणाऱ्या परकीय पत्रकारांत त्याचे स्थान अग्रगण्य आहे. परक्या भूमीवरील लढ्याचा वृत्तांत देणारा वार्ताहर इतिहासाला काय देऊ शकतो आणि काय देऊ शकत नाही, या दोन्ही गोष्टी त्याच्या चरित्रातून स्पष्ट होतात.

जीवन व पूर्वकारकीर्द : मिलरचा जन्म अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील पोकेगॉन या खेड्याजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. वेब्स्टर हे त्याचे मूळ नाव; पुढे लेखनासाठी त्याने त्याचे ‘वेब’ असे संक्षिप्त रूप स्वीकारले. तो स्वभावाने बुजरा होता. हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन विचारवंताचे वॉल्डन हे पुस्तक तरुणपणापासून त्याच्या विशेष आवडीचे होते. १९१२ च्या सुमारास त्याने शिकागो येथे वृत्तपत्रव्यवसायात प्रवेश केला. १९१६ मध्ये मेक्सिकन क्रांतीतील बंडखोर नेता पांचो व्हिया याने अमेरिकेच्या सरहद्दीवरील कोलंबस गावावर हल्ला केला व त्याचा पाठलाग करण्यासाठी जनरल पर्शिंगच्या हाताखाली सैन्य पाठविण्यात आले. या मोहिमेच्या वार्तांकनापासून मिलरचा युनायटेड प्रेसशी संबंध जुळला. त्यानंतर पहिल्या महायुद्धात तो लंडन येथे व पश्चिम आघाडीवर होता. युद्धोत्तर काळात त्याने पॅरिस व लंडन येथून यूरोपातील घडामोडींचे वार्तांकन केले. फ्रान्समधील कुप्रसिद्ध खुनी लांद्र्यू याचा शिरच्छेद (१९२२) त्याने प्रत्यक्ष पाहिला होता. अशा रीतीने भारतात येण्यापूर्वी सु. अठरा वर्षे युद्ध, बंड व मृत्यू हेच त्याच्या लेखणीचे विषय होते. धारासना येथील त्याच्या साक्षीला जे वजन प्राप्त झाले, त्यामागे हा अनुभव होता.

वृत्तसंस्था व तारायंत्र : त्या काळी भारतातील बातम्या परदेशी जाण्याच्या व्यवस्थेवर रॉयटर या ब्रिटिश वृत्तसंस्थेचा मोठा पगडा होता. युनायटेड प्रेस ही १९०७ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन संस्था तिच्यापासून स्वतंत्र होती. वार्ताहराला आपला मजकूर समुद्री तारेने पाठवावा लागे. शब्दागणिक आकारणी होत असल्याने मजकूर शक्य तितका आटोपशीर करून पाठविण्याची पद्धत होती. तारेचे कार्यालय सरकारच्या ताब्यात असल्याने बातमी कितीही खरी असली, तरी ती पुढे जाऊ देणे वा अडविणे हे अधिकाऱ्यांच्या हाती असे. देशी वृत्तपत्रांची स्थिती याहून बिकट होती. व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांनी २७ एप्रिल १९३० रोजी काढलेल्या वृत्तपत्रविषयक वटहुकुमान्वये मुद्रकांकडून व प्रकाशकांकडून जामीनरकमा मागण्यात आल्या आणि अनेक पत्रांनी जामीन भरण्याऐवजी प्रकाशन थांबविणे पसंत केले. स्वदेशातील मुखे अशा प्रकारे बंद होत असता परदेशी वार्ताहराच्या साक्षीचे महत्त्व वाढणे स्वाभाविक होते. गांधीजींना याची पूर्ण जाणीव होती. दांडी येथे पोचल्यावर ५ एप्रिल रोजी त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या संदेशात बळाविरुद्धच्या या न्याय्य लढ्यासाठी जगाची सहानुभूती मागितली होती.

धारासना सत्याग्रह : धारासना हे गाव त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील सुरत जिल्ह्यात, आजच्या वलसाड जिल्ह्यात, समुद्राजवळ आहे. तेथील सरकारी मिठागरावर सत्याग्रही जाणार असल्याचे गांधीजींनी व्हाइसरॉयला कळविण्याचे ठरविले. परंतु ५ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना कराडी येथे अटक होऊन येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांच्यामागून नेतृत्व स्वीकारलेले अब्बास तय्यबजी १२ मे रोजी पकडले गेले व ही जबाबदारी सरोजिनी नायडू यांच्याकडे आली. दक्षिण आफ्रिकेपासूनचे गांधीजींचे सहकारी इमामसाहेब बावझीर, प्यारेलाल व गांधीजींचे चिरंजीव मणिलाल हे त्यांच्याबरोबर होते.

मिलर मुंबईहून बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने निघून वलसाडच्या पुढील डुंगरी या लहान स्थानकावर उतरला व निवडुंगाची कुंपणे असलेल्या शेतांतून पायी धारासनास गेला. २१ मेच्या सकाळी तेथे सु. २,५०० सत्याग्रही जमले होते. मिठागराभोवती पाण्याने भरलेले चर व काटेरी तारांचे कुंपण होते. सुरतचे सु. ४०० पोलीस पोलादी टोकाच्या लाठ्या घेऊन उभे होते. त्यांच्यावर मोजके ब्रिटिश अधिकारी होते आणि कुंपणाच्या आत बंदूकधारी शिपायांची एक तुकडी सज्ज होती. सरोजिनी नायडू यांनी प्रार्थनेनंतर सत्याग्रहींना बजावले, की मार पडला तरी प्रतिकार करावयाचा नाही. वार चुकविण्यासाठी हातही वर करावयाचा नाही.

यानंतर जे घडले, त्याचे मिलरने केलेले वर्णन अलंकारविरहित आहे. निवडक सत्याग्रहींची एक रांग चर ओलांडून कुंपणाकडे गेली. मागे फिरण्याचा हुकूम तिने मानला नाही, तेव्हा पोलिसांनी डोक्यांवर व खांद्यांवर लाठ्या चालविल्या. माणसे कोसळत गेली, परंतु एकानेही हात उचलला नाही. पडलेल्यांना उचलून नेण्यास पुरेशा झोळ्याही नव्हत्या. पहिली रांग संपल्यावर दुसरी, आपले काय होणार हे स्पष्ट दिसत असतानाही, त्याच शांतपणे पुढे गेली. पुढे डावपेच बदलून पंचवीस-पंचवीसांचे गट मिठागराजवळ जाऊन बसले. तेव्हा बसलेल्यांनाही मारहाण करून चरांत फेकण्यात आले. सरोजिनी नायडू व मणिलाल गांधी यांना अटक झाली. अकराच्या सुमारास उष्णतामान ११६° फॅ. (सु. ४७° से.) झाले आणि प्रतिकार थंडावला. जखमींना ठेवलेल्या तात्पुरत्या रुग्णालयात मिलर स्वतः गेला व त्याने ३२० जखमी मोजले. दोघे मरण पावले होते. बावीस देशांतील आपल्या अनुभवात इतके हृदयविदारक दृश्य पाहिले नव्हते, असे त्याने नमूद केले आहे. प्रतिकार न करणाऱ्या माणसांना मार खाताना पाहून पाहणाऱ्याच्या मनात जो गोंधळ व संताप उत्पन्न होतो, तोही त्याने लपविला नाही.

वृत्ताचा प्रसार व परिणाम : मिलरची तार प्रथम अडविण्यात आली. ती लंडनला पोचली नसल्याचे त्याला कळले, तेव्हा त्याने अधिकाऱ्यांकडे तक्रार केली व या अडवणुकीची वाच्यता करण्याचा इशारा दिला. त्यानंतर मजकूर पुढे गेला आणि युनायटेड प्रेसच्या जगभरातील १,३५० वृत्तपत्रांपर्यंत पोचला. अमेरिकन सेनेटमध्ये विस्कॉन्सिन राज्याचे सेनेटर जॉन ब्लेन यांनी तो सभागृहाच्या कामकाजात नोंदवून घेतला. राज्यकर्त्यांची दृष्टी मात्र वेगळी होती. लॉर्ड अर्विन यांनी पंचम जॉर्ज यांना लिहिलेल्या पत्रात धारासना येथील जखमींचा उल्लेख उपहासाच्या सुरात केलेला आढळतो. एकाच घटनेची ही दोन चित्रे शेजारी ठेवली असता त्रयस्थ साक्षीदाराचे मोल लक्षात येते. मिलरचा आकडा जखमींमध्ये फिरून मोजलेला होता, म्हणूनच तो खोडून काढणे कठीण गेले.

मिलर एकटा नव्हता. शिकागो डेली न्यूजचा नेग्ली फार्सन याने जून १९३० मध्ये मुंबईच्या मैदानावरील लाठीमाराचा व त्यास निश्चलपणे सामोऱ्या गेलेल्या शिखांचा वृत्तांत पाठविला. शिकागो ट्रिब्यूनचा विल्यम शायरर त्याच वर्षी भारतात आला. टाइम या अमेरिकन साप्ताहिकाने १९३० सालचा सर्वांत उल्लेखनीय पुरुष म्हणून गांधीजींची निवड केली. या वृत्तांतांमुळे ब्रिटिश धोरण तत्काळ बदलले असे म्हणता येत नाही. मिठाचा कायदा रद्द झाला नाही व मिठागरही सत्याग्रहींच्या हाती आले नाही. ब्रिटिश राज्य हे प्रजेच्या संमतीवर चालते, हा दावा मात्र परदेशी वाचकांच्या दृष्टीने कायमचा दुबळा झाला.

गांधीजींची भेट : १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता मिलर त्यांना भेटला. थोरोचे लेखन आपण दक्षिण आफ्रिकेत वाचले व त्याच्या निबंधावरून चळवळीचे नाव घेतले, असे गांधीजींनी सांगितल्याचे त्याने लिहिले आहे. ही माहिती पुढे अनेक ग्रंथांत उद्धृत झाली. तथापि पुण्याच्या भारत सेवक समाजाचे सदस्य पी. कोदंडराव यांना १९३५ मध्ये लिहिलेल्या पत्रात गांधीजींनी असा खुलासा केला, की थोरोचा निबंध हाती येण्यापूर्वीच दक्षिण आफ्रिकेतील प्रतिकार बराच पुढे गेला होता. मिलर स्वतः थोरोचा भक्त असल्याने त्याला हा दुवा विशेष महत्त्वाचा वाटला असावा. डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेचा विश्वसनीय साक्षीदार विचारांच्या उगमाविषयी तितकाच प्रमाण मानता येत नाही, हे यावरून दिसते.

उत्तरायुष्य : १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, तेव्हा मिलर इटालियन सैन्याबरोबर होता. स्पेनमधील यादवी युद्धाचेही त्याने वार्तांकन केले. आय फाउंड नो पीस हे त्याचे आत्मचरित्र १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. शांतीच्या शोधातील एका बुजऱ्या माणसाचे आयुष्य युद्धांच्या मागे धावण्यात गेले, ही खंत त्याच्या शीर्षकातच आहे. नॉर्वेतील पराभवावरील ब्रिटिश संसदेतील वादविवादाचे वार्तांकन करून परतत असता ७ मे १९४० च्या रात्री लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ तो आगगाडीतून पडून मृत्यू पावला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह सापडला. रिचर्ड ॲटनबरो यांच्या गांधी (१९८२) या चित्रपटातील विन्स वॉकर हे वार्ताहराचे पात्र त्याच्यावरून बेतलेले आहे. परंतु दक्षिण आफ्रिकेपासून गांधीजींच्या सहवासात असल्याचे जे त्यात दाखविले आहे, ते मिलरच्या चरित्राशी जुळत नाही.

मूल्यमापन : मिलरच्या कामगिरीचा विचार करताना त्याने काय पाहिले याबरोबरच त्याच्या मार्गावर काय होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. मुंबई–सुरत लोहमार्ग पालघर, डहाणू रोड, घोलवड, संजाण या स्थानकांवरून जातो. या मार्गाच्या पूर्वेस आशागड व त्यापलीकडील डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत वारली आदिवासींची वस्ती आहे. हा भाग २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता व आता पालघर जिल्ह्यात मोडतो. १९३० मध्ये तेथील आदिवासी सावकार-जमीनदारांच्या शेतांवर वेठीने राबत होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस पत्नीसह धनकोच्या घरी ‘लग्नगडी’ म्हणून बांधला जाई. मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३०–४० या दशकाच्या अखेरीच्या अहवालात या स्थितीची नोंद आहे. धारासना येथे पोलीस, मिठागर, नेते व ठरलेली तारीख या सर्व गोष्टी होत्या. वार्ताहराने कोठे व केव्हा पोचावयाचे, हे निश्चित होते. वेठीला तारीख नव्हती. ती दररोज चालत असल्यामुळे बातमी होऊ शकत नव्हती.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेस काही वारली उपस्थित राहिले व २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत सु. ५,००० आदिवासींनी वेठ न करण्याचा व बारा आणे रोजाशिवाय काम न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथील पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व इतर चारजण ठार झाले. या उठावाचे प्रमुख वृत्तांत त्याचे नेते शामराव परुळेकर व गोदावरी परुळेकर यांनीच लिहिले. गोदावरीबाईंचा जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) हा ग्रंथ साहित्य अकादमीच्या पुरस्काराचा (१९७२) मानकरी ठरला. मिलर धारासनास एक दिवस होता. गोदावरीबाई आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षे राहिल्या. मिलरला त्रयस्थपणाचा लाभ होता, पण सत्याग्रहींची भाषा व पूर्वायुष्य त्याला अपरिचित होते. गोदावरीबाईंना ते ज्ञात होते, परंतु त्या लढ्याच्या एक पक्ष होत्या आणि त्यांचे कथन त्या दृष्टीने वाचणे आवश्यक ठरते. वारल्यांचा स्वतःचा शब्द दोन्हीकडे दुसऱ्याच्या लेखणीतूनच आपल्यापर्यंत येतो.

एखादा लढा जगाला ज्ञात होणे हे त्याच्या न्याय्यतेवर जितके अवलंबून असते, तितकेच साक्षीदार तेथे पोचण्यावर व त्याची तार पुढे जाण्यावर अवलंबून असते. मिलरने आपल्या वाट्याला आलेला एक दिवस सचोटीने नोंदविला. ज्यांच्या दिवसांची अशी नोंद झाली नाही, त्यांचे स्मरण ठेवूनच त्याच्या थोर कामगिरीचे मोजमाप करणे योग्य होय.