जुनी डाऊनहिल सायकल फ्रेम किती टिकते? सेकंडहँड घेण्याआधी मोबाइल हातात घेऊन काय तपासायचं

जुन्या वस्तूंच्या ॲपवर कधीतरी अशी जाहिरात दिसते: डाऊनहिल फ्रेम, इम्पोर्टेड, ५ वर्षं जुनी, "एकदम मक्खन कंडिशन". नव्या फ्रेमच्या चौथाई किमतीत. फोटो चकाचक असतात आणि बोट आपोआप "चॅट"च्या बटणाकडे जातं.

मीही तेच केलं होतं. मी मूळचा चिखलीचा, नोकरीला पुण्यात. एका अनोळखी माणसाकडून ॲल्युमिनियमची जुनी फ्रेम घेतली, सायकल उभी केली आणि दिवाळीत गावी नेली. बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाट उतरताना हँडलच्या खालून "कट्ट... कट्ट" आवाज यायला लागला. थांबलो, टॉर्च मारला. पुढच्या जोडाजवळ कंपनीचं म्हणून जे स्टिकर होतं, त्याच्या कडेतून केसाएवढी काळी रेघ बाहेर आली होती. स्टिकर सोलल्यावर दिसलं, रेघ चांगली बोटभर लांब होती. उरलेला घाट सायकल हातात धरून उतरलो.

ती फ्रेम किती वर्षांची आहे हे मी विचारलं होतं. ती कशी चालवली गेली, हे विचारलंच नव्हतं. फ्रेमचं आयुष्य मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं, म्हणून हा लेख.

## डाऊनहिल फ्रेम म्हणजे काय?

डाऊनहिल सायकल फक्त उतारासाठी बनवलेली असते. दगड, मुळं, उड्या यांवरून वेगात खाली यायचं आणि वर जाताना गाडीत टाकून न्यायची. पुढे-मागे साधारण २०० मिमी सस्पेन्शन, पुढे मोटरसायकलसारखा दुहेरी क्लॅम्पचा फोर्क, आणि वजन बहुतेक वेळा १५ किलोच्या वर. फ्रेम जाड आणि भक्कम असते. त्यामुळे आपल्याला वाटतं, "एवढी दणकट वस्तू, हिला काय होणार?"

पण ती दणकट बनवलीये ती जास्त मार खाण्यासाठी, आणि पहिल्या मालकाने तो मार बहुधा दिलेला असतो. म्हणून "मजबूत बनवलेली" आणि "अजून मजबूत असलेली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## फ्रेम म्हातारी कशाने होते?

बारीक तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पुढे-मागे वीस-तीस वेळा वाकवली की तुटते. धातू असा थकत जातो, याला फटीग म्हणतात. जर्मनीतले रेल्वे इंजिनिअर ऑगस्ट व्योलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे पद्धतशीर मांडलं. एका झटक्यात आस मोडेल त्यापेक्षा खूप कमी ताण असला, तरी तो लाखो वेळा आला की आस मोडतो.

मोबाइलच्या भाषेत सांगायचं तर हे बॅटरीच्या सायकल काउंटसारखं आहे. फोन किती वर्षांचा यापेक्षा बॅटरी किती वेळा चार्ज झाली हे महत्त्वाचं. फरक एवढाच की अनेक फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी हेल्थ बघता येते. फ्रेममध्ये असा कुठलाच आकडा नसतो.

आणि सगळे "चार्ज" सारखे नसतात. वेल्ड केलेल्या जोडांसाठी इंजिनिअर ढोबळमानाने घनाचा हिशेब धरतात. ताण दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं न होता आठवा भाग उरतं (२ × २ × २ = ८). ताण दीडपट झाला तरी आयुष्य एक तृतीयांशाच्याही खाली जातं. म्हणून दर रविवारी मोठ्या उड्या मारणाऱ्याची २ वर्षांची फ्रेम ही शांतपणे चालवणाऱ्याच्या १० वर्षांच्या फ्रेमपेक्षा जास्त "जुनी" असू शकते.

## ॲल्युमिनियम, स्टील, कार्बन: कोण कसं थकतं?

ॲल्युमिनियम: जुन्या डाऊनहिल फ्रेममध्ये हेच जास्त सापडतं, बहुतेक वेळा ६०६१ किंवा ७००५ या मिश्रधातूंचं. याला "एवढ्याच ताणात ठेवलं तर कधीच थकणार नाही" अशी मर्यादा नसते. छोटा ताणही मोजला जातोच. तडा मुख्यतः वेल्डच्या कडेला सुरू होतो.

स्टील: याला अशी मर्यादा असते. ताण तिच्याखाली राहिला तर फटीगने तुटण्याची भीती खूप कमी. शिवाय तडा सहसा हळूहळू वाढतो. शत्रू म्हणजे नळीच्या आतला गंज.

कार्बन: फटीगला चांगलं, पण दगडावर आपटलं की आतले थर सुटू शकतात आणि बाहेरचा रंग तसाच राहतो. फोटो बघून कार्बनबद्दल काहीही ठरवू नका.

कोणती फ्रेम आहे कळत नसेल तर लोहचुंबक लावा. चिकटला तर स्टील.

## "टेस्ट पास आहे" म्हणजे किती पास?

सायकलींसाठी आयएसओ ४२१० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात माउंटन बाइकच्या फ्रेमला पायडलच्या जागी १२०० न्यूटनचा, म्हणजे साधारण १२२ किलो वजनाएवढा जोर १ लाख वेळा द्यावा लागतो. पुढच्या चाकाच्या जागी धरून फ्रेम पुढे-मागे ५० हजार वेळा ढकलली जाते. या चाचण्यांत तडा दिसता कामा नये.

ऐकायला भारी वाटतं, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ही चाचणी नव्या फ्रेमवर होते, तुमच्या हातातल्या जुन्या फ्रेमवर नाही. दुसरी, स्पर्धा आणि स्टंट यांसारख्या कठोर वापराच्या सायकली या मानकाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे डाऊनहिल रेसमध्ये झिजलेल्या फ्रेमबद्दल हा शिक्का काहीच सांगत नाही.

## तडा कुठे शोधायचा?

या सहा जागा पाठ करा:

1. हँडल ज्या आखूड नळीत फिरतं ती हेड ट्यूब आणि खालची जाड नळी यांचा जोड, विशेषतः खालची बाजू. इथे जोड गेला तर पुढचं चाकच निसटतं.
2. त्या जोडाला आधाराची पट्टी वेल्ड केली असेल तर ती पट्टी जिथे संपते ती जागा.
3. पायडलचा आस बसतो तो बॉटम ब्रॅकेट आणि त्याच्या भोवतीचे वेल्ड.
4. मागचा शॉक जिथे बोल्टने बसतो त्या जागा.
5. सस्पेन्शनचे सांधे आणि मागच्या दांड्यांना जोडणारा आडवा पूल.
6. सीटची नळी आणि वरची नळी यांचा जोड.

## मोबाइल घेऊन तपासणी, पायरी पायरीने

१. आधी धुवायला सांगा. चिखल आणि ग्रीसखाली तडा लपतो. स्टिकर, टेप, रबरी पॅड काढायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर.

२. टॉर्च आडवा धरा. समोरून प्रकाश मारला तर सगळं सपाट दिसतं. नळीला जवळजवळ चिकटवून, तिरका प्रकाश टाकला की बारीक रेघही सावली टाकते.

३. मॅक्रोच्या मागे लागू नका. स्वस्त फोनचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा बहुतेक वेळा कामाचा नसतो. मुख्य कॅमेऱ्याने थोडं लांबून, २एक्स झूम करून फोटो काढा.

४. लांबचा सौदा असेल तर फोटो व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून मागवा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि केसाएवढी रेघ त्यातच गायब होते. त्यानंतर व्हिडिओ कॉलवर वरच्या सहा जागा टॉर्च मारून दाखवायला सांगा.

५. ओरखडा की तडा? नख फिरवा. मग कापसाने स्पिरिट लावा आणि पुसा. पृष्ठभाग वाळल्यावरही एक ओली रेघ उरत असेल तर आत फट आहे, असा संशय घ्या. ॲल्युमिनियमच्या तड्याच्या कडेला कधी कधी काळसर भुकटी दिसते.

६. दोऱ्याची चाचणी. मागच्या चाकाच्या आसाच्या एका बाजूपासून दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या बाजूला ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही दोऱ्यांचं अंतर मोजा. चांगलाच फरक आला तर फ्रेम वाकलेली असू शकते. मागच्या दांड्या मुळातच वेगवेगळ्या आकाराच्या असतील तर मात्र ही चाचणी फसते.

७. सांधे हलवा. एका हाताने सीट, दुसऱ्याने मागचं चाक धरून आडवं ढकला. खटखट जाणवली तर आधी चाकाचा आस घट्ट आहे का बघा. तो घट्ट असेल तर सांध्यांच्या बेअरिंग गेल्या आहेत. त्या बदलता येतात. पण बेअरिंगची जागाच मोठी झाली असेल तर सोडून द्या.

पक्की खात्री हवी असेल तर डाय पेनिट्रंट टेस्ट करून घ्या. लाल द्रव फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कारखान्यांतले वेल्ड तपासायला हीच पद्धत वापरतात. मात्र तिला पृष्ठभागापर्यंत आलेला तडाच दिसतो, आणि रंगाने झाकलेला तडा दिसत नाही. म्हणून जोडावरचा रंग आधी काढावा लागतो.

## "आर्गन मारून देतो, टेन्शन घेऊ नका"

माझ्या तड्यावर मला हाच सल्ला मिळाला होता. आर्गन वेल्डिंगने तडा बुजतो हे खरं. पण ६०६१ ला ताकद येते ती भट्टीतल्या उष्णतेच्या प्रक्रियेने: साधारण ५३० अंशांवर तापवून झटकन थंड करणं, मग १६०-१८० अंशांवर काही तास ठेवणं. वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूची ती ताकद मोठ्या प्रमाणात जाते. पूर्ण फ्रेम पुन्हा भट्टीत न घालता केलेलं वेल्डिंग म्हणजे तड्याच्या शेजारी नवी कमजोर जागा. हेड ट्यूबजवळ तर हा प्रयोग नकोच. स्टीलची फ्रेम मात्र चांगल्या कारागिराकडून दुरुस्त होऊ शकते.

## वॉरंटी मिळेल का?

बहुतेक मोठ्या कंपन्यांची फ्रेमवरची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते. काही कंपन्या डाऊनहिल मॉडेलला इतर फ्रेमपेक्षा कमी वर्षं देतात. त्यामुळे "लाइफटाइम वॉरंटी आहे" हे वाक्य तुमच्यासाठी निरुपयोगी. तरी मूळ बिल मागा आणि बॉटम ब्रॅकेटखालचा सीरियल नंबर बिलाशी जुळवून बघा. नंबर घासलेला असेल तर ती चोरीची असू शकते.

## मग घ्यायची की नाही?

आधी स्वतःला विचारा, चालवणार कुठे? राजूर घाट किंवा खामगावकडचा बोथा घाट हे वाहनांचे रस्ते आहेत. तिथे २०० मिमी सस्पेन्शनचा उपयोग नाही आणि चढताना ते वजन तुमचाच जीव काढेल. ज्ञानगंगा आणि लोणार ही अभयारण्यं आहेत, तिथे पायवाटांवर मनाने सायकल घालता येत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मुरमाड वाटांना पुढे १०० मिमी सस्पेन्शनची साधी हार्डटेल पुरते, आणि त्याच पैशात ती बिलासकट मिळू शकते.

तरीही डाऊनहिलच हवी असेल तर नियम साधा ठेवा. पहिला मालक माहीत आहे, वापर माहीत आहे, सहाही जागा उघड्या करून बघितल्या आहेत: तर घ्या. यातलं एकही नसेल तर फ्रेमची किंमत शून्य धरा आणि फक्त फोर्क, ब्रेक, चाकं यांचे पैसे द्या.

घेतल्यावर दर महिन्याला त्याच सहा जागांचे फोटो काढून एका अल्बममध्ये ठेवा आणि मागच्या महिन्याशी ताडून बघा. नवी रेघ दिसली किंवा नवा आवाज आला तर त्याच दिवशी चालवणं बंद. फ्रेमला बॅटरी हेल्थ नाही, तेव्हा ती नोंद आपल्यालाच ठेवावी लागते.

माझी ती फ्रेम अजून चिखलीच्या घरी भिंतीला टांगलेली आहे. पुन्हा कोणी विकत घेऊन चालवू नये म्हणून तिची हेड ट्यूब कापून टाकली आहे.